मरोद्याच्या वड्या, कुरुदचा पत्ता

कापगतेकाकांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि हात मागे बांधून उभेच राहिले. बसा म्हटलं, तर म्हणाले, "आधी चेक करून घ्या मॅडम, मग बसतो."

वैशाली नगरात माझं एका खोलीचं ऑफिस आहे. छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवते. माझ्याकडे माणसं येतात ती एक व्हिजिटिंग कार्ड आणि 'बाकी आप देख लो' एवढी तयारी घेऊन. फाइल घेऊन आलेला क्लायंट मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं.

काका इथल्या स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्सला. दुरुस्तीसाठी मशीन बंद करतात, त्याला शटडाऊन म्हणतात. त्याआधी नट-बोल्टपर्यंत सगळ्याची यादी होते. काकांनी वेबसाइटचाही शटडाऊन काढला होता. पान एक, धंद्याचं नाव. पान दोन, माल. पान तीन, फोटो: वडी आणि शेजारी स्टीलची पट्टी, साइज कळावी म्हणून. शेवटी काकांची सही. त्याखाली 'चेक्ड बाय', आणि काकूंची सही.

काकू कोपऱ्यात डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माल त्यांचा. रखियाच्या वड्या, म्हणजे कोहळ्याचा कीस आणि उडदाची डाळ फेटून उन्हात वाळवलेल्या. सतरा वर्षं मरोद्याला प्लांटने दिलेल्या क्वार्टरच्या अंगणात त्या वड्या वाळत होत्या आणि गिऱ्हाईक फाटकाची कडी वाजवून घेऊन जात होतं. आता महिनाअखेर काका रिटायर होणार होते. क्वार्टर सोडून कुरुदच्या नव्या घरी जायचं होतं.

"लोकाइले आमचं फाटक मालूम आहे," काकू म्हणाल्या. "मी कुठी गेली, हे कोन सांगन त्याइले?"

वेबसाइट सांगेल, असं म्हणत मी माझा फॉर्म काढला. आधी डोमेन. डोमेन म्हणजे इंटरनेटवरची दुकानाची पाटी. ती वर्षाच्या भाड्याने मिळते, आणि ज्या ईमेलवर, ज्या फोनवर घेतली, त्याच्याच ताब्यात राहते. काकांनी ती परस्पर घेऊनही टाकली होती. फॉर्मवर त्यांनी फोन सांगितला, ईमेल सांगितला, पत्ता सांगितला. मी लिहीत गेले, आणि मला हसू यायला लागलं.

"कावून हसून राहिल्या?" काकांनी विचारलं.

मला नाटक करायची खोड आहे. मी लाल पेन उचललं.

"काका, हे सिम कोणाचं?"

"सीयूजी आहे. प्लांटनं देल्लं."

सीयूजी म्हणजे कंपनीने कामासाठी दिलेला नंबर. वड्यांच्या पाकिटावरही तोच छापलेला.

"रिटायर झाल्यावर?"

"जमा करा लागते."

मी फोनपुढे लाल अक्षरात लिहिलं: परत. "ईमेल?" ऑफिसचाच. परत. "पत्ता?" क्वार्टरचा. काका हळूच खुर्चीत बसले.

"छत्तीस साल दुसऱ्याइच्या फाइली चेक केल्या," ते म्हणाले. "आन् आपल्याच फाइलीत आपलं काहीच नाही."

मग मात्र माझं मलाच वाईट वाटलं. पेन खाली ठेवलं. घर, फोन, दवाखाना, सगळं जिथून आलं ते आपलंच वाटणार, त्यात त्या माणसाची काय चूक?

मी काकूंकडे वळले. तुमचं स्वतःचं काय आहे, असं विचारलं. त्यांनी पिशवीतून तेल लागलेली वही काढली. तिच्यात गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर आणि शेरे होते. याला हिंग नको. हिचा मुलगा हैदराबादला, पाकीट घट्ट बांधणे.

"हे आहे न," काकू म्हणाल्या. "हे कोन मागन?"

वेबसाइट त्या वहीवर उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी काकूंनी आयुष्यातलं पहिलं सिम स्वतःच्या नावावर घेतलं. डोमेन काकूंकडे वळवायला ओटीपी लागत होता, म्हणजे खात्रीसाठी येणारा आकडा, आणि तो काकांच्याच सीयूजीवर येणार होता. शेवटच्या ड्यूटीच्या नऊ दिवस आधी ते काम झालं. मी नवे फोटो काढले, वड्या टाकणाऱ्या हातांचे. पट्टीला रजा दिली. काकूंनी वहीतल्या प्रत्येकाला फोन केला. ज्यांचे नंबर नव्हते, त्यांच्यासाठी काकांनी क्वार्टरच्या फाटकावर पत्र्याची पाटी टांगली, शटडाऊनमध्ये मशीनला टांगतात तशी. तिच्यावर रंगाने वेबसाइटचं नाव लिहिलं.

कुरुदला गेल्यावर बरेच दिवस फोनवरूनच मागण्या येत होत्या. मग एका सकाळी काकांचा तक्रारीचा फोन आला. वेबसाइटवर पहिली ऑर्डर आली होती, आणि त्यांच्या मते मी टेस्टिंग करत होते. कारण पत्ता त्यांच्याच जुन्या क्वार्टरचा होता.

मी ऑर्डर उघडली. क्वार्टर नव्याने मिळालेल्या बाईंनी खाली हिंदीत, वडीला बड़ी म्हणत, लिहिलं होतं, 'रोज कोई न कोई गेट पर बड़ी माँगने आता है। सोचा, एक बार मैं भी खाकर देखूँ।'

पाकीट द्यायला काका स्वतः गेले. परत येताना माझ्याकडे थांबले. सतरा वर्षं जी कडी वाजली की ते आतून उठायचे, ती त्यांनी बाहेरून वाजवली होती. "आवाज मोठा आहे हो तिचा," एवढंच म्हणाले.

माझ्या फॉर्ममध्ये आता प्रत्येक ओळीपुढे एक रकाना आहे: 'हे कोणाला परत द्यायचं आहे का?' नवे क्लायंट वाचून हसतात. मग खिशातून फोन काढून बघतात.