हाडांचा डबा आणि घिवलीचं ऊन

बोईसरमधल्या एका दुकानदाराने माझ्या लेकीला फसवलं. नात तन्वीचे पाय गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला वाकायला लागले होते. लेक सुषमा त्याच्याकडे विचारायला गेली, तर "डॉक्टर कशाला, हे द्या, हाडं लोखंडासारखी होतील" म्हणून त्याने तिच्या हातात एक पावडरचा डबा ठेवला आणि आठ महिने तो एकामागून एक डबे देत राहिला. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर तन्वी भिंत धरून चालताना दिसली, तिच्या दोन पायांच्या मधून मागची फरशी दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी माझ्या दुकानाला कुलूप लावलं आणि बार्शीहून निघाले.

माझा भांड्यांचा धंदा आहे. तरुणपणी डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरले, जुन्या कपड्यांवर भांडी दिली. आज पेठेत स्वतःचं दुकान आहे. भांडं उलटं करून, बोटाने वाजवून बघितल्याशिवाय मी घेत नाही, त्यामुळे मला फसवणारा अजून भेटायचा आहे. माझ्याच लेकीला कुणी फसवावं, हे मला सोसणारं नव्हतं.

ठाण्याहून एसटीने मनोरला उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. हमरस्त्यावर ट्रकांची रांग, आणि रस्ता सोडून शंभर पावलं आत गेलं की बाजार. डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या बायका जमिनीवर फडकी पसरून बसल्या होत्या. एकीपुढे नागलीची (नाचणीची) रास होती. शेजारी तिचं वर्षभराचं पोर उघडंच, उन्हात मातीत बसून स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होतं. पोराच्या मांड्या अशा भरलेल्या की मी नागली सोडून तिकडेच बघत राहिले.

मी भाव पाडायला सुरुवात केली. ती हसली.

"आमी पावसावर पिकवतो, बाय. पाऊस कमी करत नाय, मी कशाला करू?"

एवढ्या वर्षांत मला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. तिने मागितलं तेवढं दिलं आणि वर तिच्या पोराला गुळाचा खडा दिला.

बोईसरच्या सहा आसनी रिक्षात आम्ही दहा जण होतो. एका खड्ड्यात माझी पिशवी फाटली आणि नागली सगळ्यांच्या पायांत सांडली. कारखान्यात जाणारी चार बिहारी पोरं न सांगता खाली वाकली. "अम्मा, एक दाना नहीं छोड़ेंगे," त्यातला एक म्हणाला, आणि खरंच, त्यांनी स्वतःच्या डब्याच्या पिशवीत ती भरून दिली. पिशवी परत घ्यायलाही थांबले नाहीत.

बोईसर पहिल्यांदा दिसतं ते धुराड्यांतून, आणि त्याच्या आधी नाकाला कळतं. आंबूस, घशात बसणारा वास. तिथली माणसं त्याच्याकडे लक्ष देत नाहीत, मला मात्र पदर नाकाला लावावा लागला. सुषमाच्या घरी भर दुपारी अंधार होता. जावई तिसऱ्या पाळीला जातात, म्हणजे रात्रभर काम आणि दिवसा झोप. त्या इमारतीत निम्म्या घरांत हीच पद्धत आहे. पडदे ओढलेले, बायका कुजबुजत बोलतात, पोरं आवाज न करता खेळायला शिकलेली असतात. स्वयंपाकघराच्या एका खिडकीला तेवढा पडदा नव्हता. तिथे बंद काचेपाशी उन्हाच्या चौकोनात तन्वी बसली होती. अडीच वर्षांची पोर, मनगटं गाठ बांधल्यासारखी जाड.

"रोज दोन तास उन्हात बसवते," सुषमा म्हणाली. "काच उघडली की वास येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही पालघरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डबा मी सोबत घेतला होता. डॉक्टरीणबाई वयाने सुषमाएवढ्या, पण कामाला माझ्या जातीच्या. बाहेर रांग लागलेली असतानाही त्यांनी तन्वीला फरशीवर चालवून बघितलं, मनगटं चाचपली, बरगड्यांवरून बोट फिरवलं, रक्त आणि मनगटाचा एक्स-रे काढायला पाठवलं. फोटो उजेडापुढे धरून मला दाखवला. हाडाची टोकं फाटक्या झालरीसारखी दिसत होती.

"मुडदूस आहे. ड जीवनसत्त्व नाही, म्हणून खाल्लेलं कॅल्शियम हाडात बसत नाही. हाड मऊ राहतं आणि वजनाने वाकतं."

मी डबा पुढे केला. त्यांनी तो उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. मी तरुणपणापासून भांड्यांचं जे करत आले, ते या डब्याचं आमच्या घरात कुणीच केलं नव्हतं.

"साखर, कोको, दुधाची पावडर. ड जीवनसत्त्व नावालाही नाही. आठ महिने वाया गेले, आई." मग सुषमाला विचारलं, "उन्हात नेता का?"

"रोज काचेपाशी बसवते."

"काच उघडी?"

"बंद."

"बंद काचेतून ऊब येते. उन्हातलं जे कातडीला लागतं ते काच अडवते. बाहेर का नेत नाही?"

सुषमा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईने सांगितलं होतं. पोर उन्हात काळी पडेल, उद्या लग्नाला अडचण येईल."

सांगितलं होतं खरं. एकदा नाही, दर फोनला. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं. माझी चूक."

बाईंनी त्यावर भाषण दिलं नाही. ड जीवनसत्त्वाचं औषध रोज किती द्यायचं ते लिहिलं, सोबत कॅल्शियम, तीन महिन्यांनी पुन्हा फोटो. मला राहवलं नाही.

"दुप्पट दिलं तर दीड महिन्यात सरळ होतील का?"

"इथे घासाघीस नाही, आई. जास्त झालं तर मूत्रपिंडाला बाधतं. लिहिलंय तेवढंच. आणि ऊन औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला. कोवळं सकाळचं नको, दहा-अकराचं, हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ."

"पाय सरळ होतील ना?"

"वय लहान आहे. बहुतेक होतील. वेळ लागेल."

तिथून मी थेट बोईसरच्या त्या दुकानात गेले. दुकानदाराने डबा ओळखला, माझा चेहरा बघून खुर्ची सरकवली. "माताजी, कंपनी बनाती है, हम तो बस बेचते हैं."

"डॉक्टरकडे जाऊ नका, हे कंपनीने सांगितलं का तुम्ही?"

तो मागच्या मांडणीवर काहीतरी शोधायला लागला. मी आवाज चढवला, गिऱ्हाइकं जमली. त्याने नवा डबा फुकट देऊ केला. तेव्हा मी त्याला जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

रविवारी सुषमाची शेजारीण ज्योती हिने आम्हाला तिच्या माहेरी, घिवलीला नेलं. बोईसरपासून काही अंतर गेलं की वास सुटतो आणि खारं वारं लागतं. एका अंगाला अणुवीज केंद्राच्या उंच भिंती, दुसऱ्या अंगाला वाळू आणि समुद्र. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील जोडीने लटकवलेले, जबडा जबड्यात अडकवून. इतकं नेटकं काम मी भांड्यांच्या कारखान्यातही पाहिलेलं नाही. बायका अकराच्या उन्हात सुकट पसरत होत्या आणि त्यांची पोरं वाळूत उघडी लोळत होती.

ज्योतीच्या आईने तन्वीचं झबलं काढून तिला वाळूत सोडलं. माझा हात आपोआप पदराकडे गेला, पोरीला झाकायला.

"काली पडंल म्हून?" म्हातारी म्हणाली.

मी मान डोलावली.

"काली पडली तं काय नाय होत. पाय वाकरे रायले तं पोर तुला इचारल."

मी पदर खाली सोडला. जेवायला तिने नागलीची भाकरी आणि मांदेली (बोटाएवढी मासळी, काट्यासकट खातात) वाढली. नागली माझीच, मनोरची, सोबत आणलेली. तन्वीने काट्यासकट दोन खाल्ल्या आणि तिसरीला हात घातला.

घरी परतल्यावर मी जावयांना उठवून एक गोष्ट ठरवून घेतली. ते कामावरून आले की झोपण्याआधी, दहाच्या उन्हात, पोरीला गच्चीवर न्यायचं. वास असेल त्या दिवशी स्टेशनपलीकडच्या मैदानात. त्यांनी हो म्हटलं, आणि पाळलंही. तीन महिन्यांनी सुषमाने नव्या फोटोचा फोटो पाठवला. झालर मिटली होती, टोकाला नवी पांढरी रेघ उमटली होती. पाय अजून थोडे बाहेर आहेत, पण तन्वी आता भिंत सोडून चालते.

तो डबा मी बार्शीला आणला आहे. दुकानात तराजूशेजारी उलटा ठेवला आहे, बारीक अक्षरं गिऱ्हाइकाकडे करून. माझी चूक मी लेकीसमोर कबूल केली. तन्वी मोठी झाली की तिच्यासमोरही करेन. आता त्या दुकानदाराची पाळी आहे. मला त्याचा फुकट डबा नको, पैसे परत नकोत. पोरीला समोर चालवून, तिच्या पायांकडे बघत त्याने सांगावं की तिला डॉक्टरकडे जाऊ नका असं तो कशाच्या जोरावर म्हणाला. पुढच्या महिन्यात तन्वीला घेऊन मी त्याच्या दारात उभी राहणार आहे. उत्तर तयार ठेवावं.