बंदरावरचं दुकान कधी बंद झालं

आमच्या हार्डवेअरच्या दुकानाचा इतिहास पुतण्या लिहितो आहे. माझ्या आजोबांनी इंग्रजांच्या काळात मुंबईच्या बंदरावर सुरू केलेलं दुकान माझ्या वडिलांच्या निधनापर्यंत चालू होतं, असं त्यात आहे. हे खरं नाही. दुकान मी आधीच विकलं होतं आणि वडिलांना सांगितलं नव्हतं. दूर नोकरीला असलेल्या भावालाही नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वडील गुडघ्यांनी अधू झाले, तेव्हा मी त्यांना नेरूळच्या नव्या फ्लॅटमध्ये आणलं. आई गेलेली, मी बिनलग्नाचा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, फोन नाही. इमारतीतले निम्मे फ्लॅट कुलूपबंद. खिडकीतून मोकळे प्लॉट आणि पलीकडे खाडीचा चिखल दिसायचा. वडील दिवसभर तिथेच बसत.

बंदरावर गलबतं कमी झाली होती, गिऱ्हाईक उरलं नव्हतं. इकडे रबाळ्याला कारखाने उभे राहत होते. भाडेपावतीचं काम आहे असं सांगून मी वडिलांची सही घेतली, दुकान विकलं आणि रबाळ्याला नटबोल्टसाठी गाळा घेतला. रोज सकाळी मी निघालो की त्यांना वाटायचं, बंदरावर चाललो.

संध्याकाळी मी दारात दिसताच ते विचारत, "कोण आलं होतं?"

मग मी गिऱ्हाइकं रचायचो. "तो जाडा तांडेल आला होता. साखळीच्या भावावरून भांडला."

"हाकललास की नाही?"

"चहा पाजून पाठवला."

"म्हणजे उद्या परत येईल मेला!" आणि ते हसायचे. दिवसभरातलं त्यांचं बोलणं तेवढंच. त्या हसण्याची मला सवय लागली. घरी येताना बसमध्येच मी आजची माणसं ठरवून ठेवायचो.

एकदा बाल्कनीच्या दाराची कडी गंजून तुटली.

"उद्या दुकानातनं आण," वडील म्हणाले. "जड बघून. असली पत्र्याची नको."

मी नेरूळच्याच बाजारातून घेतली. वडिलांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, मग अंगठा बोटावर घासला.

"आपल्या दुकानातली?"

"हो."

बंदराच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून आमच्याकडे प्रत्येक नगाला हाताने ग्रीस चोपडलेलं असे. शर्ट खराब होतात म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरत, तरी आजोबांची ती रीत वडिलांनी मोडली नव्हती. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. वडिलांनी तळवा माझ्यापुढे धरला. स्वच्छ होता.

"बसव," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. मीच सुरुवात केली, "आज बंदरावर..."

"हातपाय धू. भात निवतोय."

त्यानंतर वर्षभर ते होते. जेवताना आमटीत मीठ कमी की जास्त, एवढंच बोलणं व्हायचं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सगळं सांगून टाकलं असतं. ते विचारतील म्हणून मी थांबलो. मी सांगेन म्हणून बहुधा तेही थांबले होते.

परवा पुतण्याला हे सगळं सांगितलं.

"मग काय लिहू, काका?"

"वडील जिवंत असताना मुलाने त्यांना फसवून दुकान विकलं, असं लिही."

"असं कुठे लिहितात का? घरचं आहे ते."

दुकान वडिलांच्या निधनापर्यंत चालू होतं, हे वाक्य त्याने तसंच ठेवलं आहे. म्हणून हे मी माझ्या हाताने लिहितो आहे.