कासारीण मावशींनी आतून पाहिलेली घरं

१८ नोव्हेंबर. भाचीसाठी तळमजल्यावरची एक खोली शोधणे, मुदत अडीच महिने. त्या दिवशी माझ्या वहीत एवढंच काम लिहिलेलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ते उरकेल अशी माझी समजूत होती. उरकलं ते नवव्या दिवशी, आणि तेही कासारीण मावशींमुळे. मेहकरच्या जुन्या गावात कोणत्या घरात काय चाललं आहे हे देवाला कळायच्या आधी या बाईला कळतं, असं मी आता स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. देवावर माझा विश्वास नाही. मावशींवर बसला आहे.

भाची साखरखेर्ड्याची, माझ्या बहिणीची मुलगी शीतल. तिची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. या खेपेला सातवा लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, एकदा मेहकरला आणा आणि मग हलवू नका. जिना चढायचा नाही, दवाखान्यापासून पायी दहा मिनिटांच्या आत राहायचं. मी मेहकरातच राहते, पण बायपासकडच्या कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. दवाखाना जुन्या गावाला लागून. म्हणजे खोली जुन्या गावातच हवी.

आणि जुन्या गावात त्या वर्षी धड काही नव्हतं. रस्ता रुंद व्हायचा होता, निम्म्या घरांवर लाल रंगाच्या फुल्या मारलेल्या होत्या. दगडी वेशीच्या अलीकडे माळवदाची घरं पाडून तीन-तीन मजली गाळे उठत होते, पलीकडे महामार्गाच्या कामावरची माणसं खोल्या अडवून बसली होती. अडीच महिन्यांसाठी खोली म्हटलं की घरमालक हसायचे. बाळंतपणासाठी म्हटलं की हसणं थांबायचं; परक्याचं सुवेर कोण आपल्या घरात घेणार? एवढ्यातूनही कोणी तयार झालं, तर आडनाव विचारायचं. आम्ही बौद्ध. आडनाव ऐकलं की ती खोली नेमकी परवाच कोणाला तरी दिलेली निघायची. पहिल्या दोन दिवसांत परवाच गेलेल्या अशा अकरा खोल्या मी पाहिल्या.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. महिन्याच्या बैठकीला बाया जमतात, म्हणून कासारीण मावशीही आपली बांगड्यांची पेटी घेऊन व्हरांड्यात येऊन बसतात. माझं फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "पोरीले खोली पायजे का भिंती पायजेत, ताई? भिंती तुम्हाले दिसतीन. खोली मले दिसते."

मावशी साठीच्या पुढच्या, अंगानं काडी. पेटीचं वजन त्यांच्याइतकंच असावं, पण तिला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाहीत. ऑटोत बसल्या तर पेटीला सीटवर बसवतात आणि स्वतः कडेला लोंबकळतात. गावातल्या हजारभर बायांच्या हातांत त्यांनी बांगड्या भरल्या आहेत, पण स्वतःच्या हातांत कायम उरलेल्या, एकीला एक न जुळणाऱ्या. बांगडी भरताना तुमचा हात असा दाबतात की आतली हाडं एकमेकांना सरकून जागा देतात, आणि तुम्ही ओरडायच्या आत बांगडी मनगटावर असते. माणसांची नावं त्यांना आठवत नाहीत. लक्षात राहतं ते बांगडीचं माप. सख्खा जावईसुद्धा त्यांच्या लेखी "आमच्या दोन-सहाचा नवरा". पत्ता विचारला तर म्हणतात, "वेशीतून सरळ जा, दोन-आठच्या घराच्या मांगं, दोन-चारच्या दोघी जावा राह्यतात तिथं." रस्त्याच्या मोजणीला आलेल्या माणसानं एका घरात कोण राहतं असं विचारलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "दोन-सहा, अन् तिची दोन-दोनची सासू." त्यानं ते घरक्रमांक म्हणून लिहून घेतलं. त्या घराला पुढे आलेली नोटीस खरोखरच त्याच नंबरानं आली, असं मावशी अभिमानानं सांगतात.

तर आम्ही निघालो. माझी पद्धत सरळ होती. नळाला पाणी किती वेळ, संडास आत की बाहेर, कडी आतून नीट लागते का, आणि घड्याळ लावून दवाखान्यापर्यंतचं अंतर. मावशी यातलं काही बघत नसत. दारातच विचारायच्या, "घरची बाई कुठं हाय?" आणि पेटी घेऊन सरळ स्वयंपाकघरात. दहा मिनिटांनी बाहेर येऊन "चाला" म्हणाल्या की समजायचं, इथे नाही. त्यांच्या हाताखालून बाईचा हात गेल्याशिवाय त्या घरचा चहाही घेत नसत. एका घरची बाई आम्हाला दारातच वाटेल ते बोलली, पाय पुसा, पेटी तिकडं ठेवा, बोला लवकर. मी मागे वळले होते. मावशी आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "तोंड फाटकं हाय, हात नरम हाय. इथं चालते." पण त्या बाईला चालत नव्हतं. "बाळंतीण? न बापा. माहा देव्हारा त्याच भिंतीले लागून हाय."

सहाव्या दिवशी एक घर सापडलं. नवीन बांधलेलं, खाली टाईल्स, नळाला पाणी, दवाखाना चार मिनिटांवर. घरमालक इतका सभ्य की मला संशय यायला हवा होता. आडनाव विचारलं नाही, बाळंतपणाला हरकत घेतली नाही, "लेकीसारखी राहील" म्हणाला. मावशी आत गेल्या, नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चाला."

"का?" मी विचारलं.

"नाई म्हनलं ना."

"मावशी, सहा दिवस झाले. कारण सांगा."

"हातानं मले सांगतलेलं मी तोंडानं सांगत नाई, ताई. मंग कोन हात देईन माह्या हातात?"

मला हे पटलं नाही. ज्याचं कारण देता येत नाही, ते आमच्या खात्यात धरत नाहीत. त्या संध्याकाळी घरमालकाला फोन करून मी खोली पक्की करून टाकली आणि दुसऱ्या दिवशी मावशींना तसं सांगितलंही. त्या रागावल्या नाहीत. पेटीचा पट्टा खांद्यावर सरकवत म्हणाल्या, "बरं. सोमवारी त्या घरची बाई बांगड्या भरनार हाय. एकटीच्यानं माह्याकून व्हत नाई आता. हात धराले या जरा."

हजारभर बायांना एकटीनं बांगड्या भरणारी बाई असं म्हणते, यातही मला काही दिसलं नाही. मी गेले. घरमालक दुकानात गेला होता. स्वयंपाकघरात त्याची बायको पाटावर बसली होती, तिशीची, गोरी, नीटनेटकी. मावशींनी तिच्या हाताला साबण लावला आणि मला म्हणाल्या, "कोपराच्या खाली धरा. हलू देऊ नका."

मी धरलं. साबणानं बोटं घसरत होती, म्हणून जरा घट्ट धरावं लागलं, आणि बाईनं श्वास आत ओढला. मी खाली बघितलं. कोपराच्या खाली चार काळे-निळे डाग होते एका ओळीत, पाचवा मागच्या बाजूला. माझी बोटं नेमकी त्यांच्यावर बसली होती. मनगटावर काच लागल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा, जुन्या, एकीवर एक. मागच्याच महिन्यात मावशींनी बारा भरल्याचं त्या दोघींच्या बोलण्यात आलं होतं; त्यांतली हातात एकही उरलेली नव्हती. बाई फळीवरच्या डब्यांकडे बघत होती. मावशी माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या एकेक बांगडी चढवत राहिल्या आणि माहेरच्या गावाला पाऊस किती झाला ते विचारत राहिल्या. बारा भरून झाल्यावर बाईनं रीतीप्रमाणे बांगड्यांना हात लावून नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

बावीस वर्षं मी घरोघर जाऊन फॉर्म भरते आहे. कुटुंबातील व्यक्ती, वय, वजन, आहार. त्या घरी मी दोनदा गेले होते, फरशा मोजून आले होते. बोळात आल्यावर मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "हात धरला ना तुम्ही? बस."

आता एकच जागा उरली होती, आणि ती मावशींच्या यादीत नव्हतीच. वेशीला लागून एक पिठाची गिरणी, तिच्या मागे दोन खोल्या, भिंतीवर लाल फुली. घर उन्हाळ्यापर्यंतच उभं राहणार, म्हणून भाडेकरू कोणी येत नव्हते. गिरणी चालवणाऱ्या बाईचा नवरा आठ वर्षांपूर्वी गेला. त्या दिवसापासून मावशी त्या दारात गेलेल्या नव्हत्या. विधवेच्या घरी कासारणीचं काम नसतं. इतकी वर्षं मी ऐकलेल्या त्यांच्या सगळ्या पत्त्यांत ती गिरणी कधी आलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"ते घर मले माहीत नाई," त्याच दुपारी गिरणीपाशी पोचल्यावर मावशी म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या. मी आत गेले, काम सांगितलं, आडनावही आपणहून सांगून टाकलं, म्हणजे वेळ वाचतो. गिरणीवालीनं पट्टा थांबवला, पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं आणि माझ्या खांद्यावरून बाहेर बघत म्हणाली, "ते कोन उभं हाय? आठ वर्सं इकडून गेली तं मान तिकडं करून गेली. आता खोली पायजे म्हून आली काय?"

मावशी आत आल्या, पेटी पिठाच्या डब्यावर टेकवली आणि म्हणाल्या, "हात पाहू."

"काऊन? भरतं काय मले?"

"भरतो."

"गाव काय म्हनीन?"

"गावाचं माप माह्याजवळ नाई. तुह्यं हाय."

गिरणीवालीनं हात पुढे केला. कोपरापर्यंत पीठ होतं, साबण लागलाच नाही. मावशींनी पेटीतून न शोधता दोन-चारच्या काढल्या, हिरव्या नाहीत, गिरणीवालीच्या लुगड्याला जुळणाऱ्या जांभळ्या. "वाढला नाई हात," एवढंच बोलल्या. सहा या हातात, सहा त्या हातात. गिरणीवाली हात वर करून बघत राहिली, मग माझ्याकडे वळून कोरड्या आवाजात म्हणाली, "गिरनी धडधडते. पोरीले झोप लागनार नाई. दुपारी दोन ते चार बंद ठेवीन मी." मावशी म्हणाल्या, "ताई, इथं ठेवा पोरीले." आणि मग त्यांनी चहा मागितला.

शीतलला मुलगी झाली, सव्वादोन किलोची, जोरात रडणारी. गिरणीवालीनं बारा दिवस पाणी तापवून दिलं. आता तिथे रस्ता आहे, मी रोज स्कूटीवरून त्यावरून जाते. गिरणी बायपासला गेली. मावशी आठवड्यातून दोनच दिवस निघतात. पोरी फोनवरून धातूची कडी मागवतात, आणि नव्या इमारतींत वॉचमन पेटी खाली ठेवायला लावतो. परवा भेटल्या तेव्हा नव्या गाळ्यांच्या वरच्या खिडक्यांकडे बघत म्हणाल्या, "इथली एकबी दोन-चार मले माहीत नाई, ताई. कोन कशी हाय, कोनाले ठाऊक." माझ्याकडे त्या इमारतीची यादी आहे, कुटुंबं, वयं, वजनं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारनंतर, मंगळवारी सकाळी, साखरखेर्ड्याला जीप न्यायच्या आधी, मी त्या टाईल्सच्या घरी गेले. घरमालकाला दुकानात जाताना बघितल्यावरच दार वाजवलं. खोली नको म्हणून त्याच्या बायकोला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. मग मी तिचा हात हातात घेतला, या वेळी कोपराच्या वर, आणि सोडायची घाई केली नाही. तिनं विचारलं, "तुम्ही कोनत्या ऑफिसात असता?" मी पत्ता सांगितला, तिनं तो दोनदा म्हणून पाठ केला, आणि मी जीपकडे गेले.