शिडीचा पहिला हंगाम

बास्केटबॉलचा हंगाम संपला आणि कारखान्याने संघातल्या नव्या उंच पोरीला, सगळ्यांच्या शिडीला, डोक्यावर घेतलं. कँटीनच्या फळ्यावर वर्तमानपत्राचं कात्रण लागलं, ‘कारखान्याच्या संघाला गवसला उंच तारा’. फोटोत शिडी रिंगखाली हात वर करून बॉल पकडतेय आणि तिच्या काखेखाली, कोपऱ्यात, कुणाची तरी पाठ दिसतेय. नुसती पाठ. ती ताईची.

चहाचा ग्लास घेऊन ताई त्या फळ्याखालून रोज जायची आणि रोज मनात म्हणायची, घ्या, वर्षभर मर मर मेले आणि छापून काय आलं, तर पाठ!

ताई म्हणजे कारखान्याच्या बास्केटबॉल संघातली सगळ्यात जुनी बाई. मुली तिला तोंडावर ताई म्हणायच्या आणि पाठीमागे भिंत. सकाळी ती गुंडाळणी विभागात असायची. मोठ्या लाकडी रिळावर जाड केबल चढत जाते, ती वाकडी बसू नये म्हणून बाजूला उभं राहून हाताने सारखी करत राहायची. संघात असणाऱ्यांना दुपारी सरावासाठी सुटी मिळे. बाकीच्या बाया संध्याकाळपर्यंत उभ्याच. ताईचा डावा गुडघा केव्हाचा रुसून बसला होता आणि त्या अर्ध्या दिवसाच्या जोरावर तिचं कसंबसं निभत होतं. संघातून नाव गेलं की दिवसभर उभं राहणं आलं. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, गुडघाच सांगायचा.

शिडी त्या वर्षी नवीन आलेली सेंटर, म्हणजे अगदी रिंगखाली खेळणारी. एका वर्षाच्या बोलीवर घेतलेली. इतकी उंच की प्रत्येक दारात आधी मान खाली घालायची, त्यामुळे लोकांना वाटायचं पोरगी फार नम्र आहे. आणि गंमत म्हणजे ती होतीही.

आता ताईचा राग समजायचा तर खेळातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नेम चुकला की बॉल रिंगवर आपटून उडतो. तो ज्याच्या हाती लागेल त्याचं नाव लागतं, टाळ्या त्याला. पण त्याआधी कुणीतरी समोरच्या संघातल्या धिप्पाड बाईला पाठ लावून, कंबर खाली घालून, तसूतसूने बाहेर रेटलेलं असतं. रेटणाऱ्याचं नाव कुठेही लागत नाही. ताई रेटायची, शिडी नुसते हात वर करायची आणि बॉल आयता ताटात पडायचा. सरावातसुद्धा ताईसमोर उभं केलं तर शिडी कधी अंग म्हणून लावायची नाही. एक पाऊल मागेच सरकायची. ‘कष्ट नकोत हिला,’ ताई दातओठ खात म्हणायची.

तर अशात एक दिवस प्रशिक्षक सर गुंडाळणी विभागात आले. सर आता पिकलेले. ताई दोन वेण्या घालून खेळायची तेव्हापासून तिला ओळखणारे. मशीनच्या आवाजात त्यांना ओरडून बोलावं लागलं.

“कारखान्याचे साहेब पुढच्या वर्षी रिंगखाली एकच जागा ठेवणार म्हणतायत. एकतर तू, नाहीतर ती पोरगी!”

ताईचे हात केबलवर तसेच राहिले.

“तिचा हंगाम खरंच चांगला होता की नाही, ते साहेबांना कळत नाहीये. बॉल तर ढिगाने काढलेत, पण अर्ध्या सामन्यांत पाच फाउल होऊन बाहेर बसली. शुक्रवारी तू येऊन सांग.”

“मी? माझ्याच जागेचा निकाल मी द्यायचा? धन्य आहे तुमची!”

“अगं, वर्षभर तिच्याजवळ दुसरं होतं कोण? आम्ही सगळे लांबून बघणारे.” एवढं बोलून सर थकल्यासारखे चालते झाले.

घरी ताईने पाय स्टुलावर ठेवला आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून त्याला ऐकून घ्यायची सवय झाली होती.

“मग अडलंय कुठे?” तो भांडी विसळता विसळता म्हणाला. “खरं ते सांग. निम्मे बॉल तुझ्या जिवावर काढले तिने. वर्षभर माझं डोकं खाल्लंस, आता एकदा त्यांचं खा.”

“तेच सांगणार आहे. सोडते की काय!” ताईला बरं वाटलं. कुणीतरी आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर गुडघासुद्धा जरा सैल पडतो.

“पण काय गं, ते फाउल कसले? पोरगी गरीब वाटते तशी. मग दांडगाई कशाला करते?”

“अहो, दांडगाई नाही ती. ती मधे येते आणि धडकते.”

“मधे कशाला येते?”

“समोरची बाई रिंगकडे सुटलेली असते म्हणून.”

“कुणाची बाई? तिने धरायची ती?”

नळाचं पाणी पडत राहिलं.

“माझी,” ती म्हणाली. “माझ्या डाव्या बाजूने सुटते. मला वळता येत नाही.”

नवऱ्याने नळ बंद केला. ताईला हे माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. पण पोटात असणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं. एकदा निघालं की ते आपल्याच घरात आपल्यासमोर येऊन बसतं आणि हलायचं नाव घेत नाही.

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत तिला बुटक्या सोफ्यावर बसवलं. बसताना कळ गेली ती टाळूपर्यंत. सर खिडकीपाशी उभे होते. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं एका वाक्यात हवं असायचं.

“बोला. पोरगी कशी आहे? पेपरवाले म्हणतात तशी?”

“नाही,” ताई म्हणाली. “तिने काढलेल्या बॉलांपैकी निम्मे माझे आहेत. मी जागा करून दिली, तिने हात वर केले.”

“वाटलंच होतं मला!” साहेब खूश झाले. “म्हणजे हवा भरलेला हंगाम. वर पुन्हा फाउल. धसमुसळी आहे, असंच ना?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो’सुद्धा नको, मान हलवली असती तरी भागलं असतं. मूग गिळून बसली असती तरी कुणी तिला खोटारडी म्हटलं नसतं. तिच्या डोळ्यांपुढे ते रीळ आलं, जेवणाच्या सुटीनंतर पुन्हा फिरायला लागणारं. देवा, एकदा तरी मला गप्प बसू दे, असं तिने मनापासून म्हटलं. पण वर्षभर शिट्टी वाजली की हात वर करून निमूट बाकावर जाऊन बसणारी ती लांबलचक पोरगी काही डोळ्यांपुढून हलेना. ‘ताईंची बाई सुटली होती’ एवढं साधं वाक्य तिने कपडे बदलायच्या खोलीतसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

“फाउल पण माझे आहेत,” ताई म्हणाली.

“म्हणजे? शिट्टी तर तिच्यावर वाजायची.”

“तिच्यावर वाजायची. चूक माझी असायची. माझा डावा गुडघा गेलाय साहेब. माझ्या हातून सुटलेली बाई ती अंगावर घ्यायची.”

सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांना आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही.

साहेबांनी कपाळ चोळलं. “बॉल तुमचे, फाउल तुमचे. मग पोरीचं राहिलं काय?”

“पेपरात आलंय तेवढी मोठी ती नाही. तुम्हाला भीती वाटतेय तेवढी कच्चीही नाही. मधे यायला वेळेवर पोचावं लागतं, आणि ती दर वेळी पोचली. रेटायला तेवढं येत नाही तिला, ते शिकवता येतं. ठेवा तिला.”

“आणि तुम्ही?”

“मी काय,” ताई म्हणाली, आणि सोफ्यावरून उठायला तिला दोनदा जोर करावा लागला. उत्तर त्यातच आलं.

बातमी कारखान्यात पसरायला वेळ लागत नाही. दुपारी ताई सामान आवरायला गेली तर शिडी कपड्यांच्या खोलीत रडून लाल झालेली.

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला हा शहाणपणा करायला? मी बोलले होते का कुणाला?”

“नव्हतीस बोलली. म्हणूनच.”

“आता माझ्यासाठी कोण रेटणार? मला नाही येत ते!”

“का नाही येत? वर्षभर रोज तुझ्यासमोर उभी होते मी सरावाला. कधी अंग लावलंस? कामचुकार!”

शिडीने नाक पुसलं. “तुमचा गुडघा...” ती पुटपुटली. “पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला. धक्का लागला असता तर?”

ताई बाकावर बसली. वर्षभर जिला आळशी म्हणून शिव्या घातल्या, ती वर्षभर एक पाऊल मागे का सरकत होती, ते आज कळलं. मग ती नेहमीच्याच आवाजात खेकसली, “रडणं थांबव आधी. वर बघून बघून मान दुखली माझी. चल.”

मैदानावर सर एकटेच बॉल गोळा करत होते. ताई रिंगखाली उभी राहिली आणि मुद्दाम डावी बाजू पुढे केली.

“लाव पाठ. कंबर खाली घे. अजून खाली. सर, टाका बॉल. आणि आता मला बाहेर काढ.”

“ताई, नको ना.”

“पुढच्या वर्षी समोरची तुला अशी सांभाळून घेणार आहे का? ढकल म्हणते ना!”

सरांनी मुद्दाम चुकीचा नेम धरला. बॉल रिंगवर आपटला आणि शिडीने रेटलं. आधी भीत भीत, मग सगळं अंग घालून. ताईनेही जिवाच्या आकांताने धरून ठेवलं, फुकट द्यायची तिची जातच नव्हती. पण तिचे बूट लाकडावरून करकरत मागे सरकत गेले, गेले, आणि रेषेपलीकडे जाऊन थांबले. बॉल शिडीच्या हातात होता. या वेळी तो पूर्ण तिचा होता.

शिडी घाबरून वळली. “लागलं का?”

“लागलं,” ताई म्हणाली. “असंच रेटायचं.”

आणि रेषेच्या आत परत न येता ती बाजूच्या बाकाकडे चालू लागली.