पुस्तकातली हाव आणि आमची हाव

बायांनो, आज मी मास्तरीण झाले. फोनात बोलून लिहायलेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची नात शाळेत जात न्हाई, तिची आई घरीच शिकवते. सून साताऱ्याकडची, लई शिस्तीची. तापानं फणफणली तरी सकाळी भिंतीला धरून उठली. म्हणे, “आत्या, अभ्यास एकदा बुडला की बुडतच जातो.” मी म्हटलं, “तू पड. मी शिकवते.” मी शिकलेली दुसरीपर्यंत, पण तापात तिला ते आठवलं न्हाई.

नात वाचू लागली, ‘एका राजाला फार हाव होती.’ विचारते, “आज्जी, हाव म्हणजे?”

आमच्या लातुरात ‘हो’ला ‘हाव’ म्हणतात. मी सांगितलं, “कुणी काही मागितलं की राजा ‘हाव, घेऊन जा’ म्हणायचा. लई गुणाचा.”

“मग प्रजा त्याच्यावर चिडली कशाला?”

“फुकटचं खाऊन माजली असंल.”

आतून खोकल्यासारखा आवाज आला. धावत गेले, तर सून उशीत तोंड खुपसून हसायली होती. “अहो आत्या, पुस्तकातली हाव म्हणजे हावरटपणा.” मग पेज मागून प्याली, म्हणाली, “चालू द्या तुमची शाळा,” आणि निवांत झोपली.

दुपारी टँकर आला. या दुष्काळात घागरी मोजूनच देतात. टँकरवाला म्हणाला, “मावशी, अजून एक भरू का?”

“हाव.”

नातीनं पदर ओढला. “आज्जी, यातली कोणती?”

“दोन्ही.”

उद्याही मीच शिकवणार हाय. तुमच्याकडं ‘हो’ला काय म्हणतात, तेवढं सांगून ठेवा.