चवीपुरतं जेवण

दिवेआगरला आमच्या वाडीत दोन खोल्या आहेत, पाहुण्यांसाठी. स्वयंपाक माझा. मृणालीताईंच्या हाताला चव आहे, असं येणारा प्रत्येकजण सांगून जातो, आणि ते ऐकून ऐकून मी भलतीच चढून बसले होते. त्यामुळे गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी माझ्या खाण्यापिण्याची चौकशी केली, तेव्हा मला जराही धाकधूक वाटली नाही. स्वयंपाकिणीला खाण्याबद्दल विचारायचं, यात अवघड ते काय?

काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं, असं त्यांनी विचारलं आणि माझी गाडी सुटली. सकाळी घावणे, नारळाची चटणी, मटकीची उसळ. दुपारी सुरमई, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. संध्याकाळी ऑम्लेट. रात्री वरणभात, माठाची भाजी, वर उकडीचा मोदक. नर्सबाई लिहिता लिहिता माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. त्यांच्या तक्त्यात वेगवेगळ्या प्रकारच्या खाण्याला गुण होते, मला दहापैकी नऊ मिळाले. फळाचा एक गेला, तोही मनाला लागला. शाळेत मला गुणांची एवढी हाव कधी नव्हती.

मग रक्ताचा निकाल आला. हिमोग्लोबिन जेमतेम आठ. वजन महिनाभर जागचं हललं नव्हतं आणि बाळ दिवसांच्या मानाने लहान होतं. घरी येऊन मी रक्त तपासणाऱ्या मशीनला नावं ठेवली. सासूबाईंनी, म्हणजे ठमाबाईंनी, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. वरवर मी तोऱ्यात होते, पण आतून फार घाबरले होते. आधीचं एक तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं.

त्या शनिवारी जागृती, आमच्या गावची आशाताई, न सांगता स्वयंपाकघरात येऊन बसली. पाहुणे समुद्रावर गेले होते. मी पळीने तळहातावर कालवणाचा थेंब घेतला, चाटला, चिमूटभर मीठ वाढवलं. मग सोलकढीचा थेंब, मग उसळीचा. सकाळपासून काय खाल्लंस, असं तिने विचारलं. मी म्हटलं, हेच की, सगळं.

आणि मी थापा मारत नव्हते. मला खरंच वाटायचं की मी जेवते. दिवसभर सगळ्या पदार्थांची चव जिभेवर, वास नाकात. पाहुण्यांच्या आधी घरच्या बाईने ताट घ्यायचं नाही, आणि त्यांची पानं उठेपर्यंत माझी भूक मेलेली असायची. मग चहात बुडवून दोन बटर खाल्ले की माझा दिवस झाला. नर्सबाईंना मी ऐटीत सांगितलं होतं ते पाहुण्यांचं जेवण होतं.

जागृतीने एक वाटी पुढे सरकवली. आता जेवढं चाखशील तेवढंच या वाटीतही टाकत जा, म्हणाली. मला गंमत वाटली. मी मोठ्या हौसेने थेंब टाकत राहिले. स्वयंपाक उरकला तेव्हा वाटीचा तळसुद्धा धड झाकला नव्हता.

"यावर बाळ वाढवतेस तू?" तिने विचारलं.

ठमाबाई दारात होत्या. त्यांनी वाटी उचलून आत बघितलं. त्यांचंही आयुष्य वाडीतल्या गड्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाण्यात गेलं होतं. त्यांनी मला हाताला धरून पाटावर बसवलं आणि ताट वाढलं. भात, भाजी, कालवण आणि त्यातली सुरमईची सगळ्यात मोठी तुकडी. ती पुण्याच्या पाहुण्यांसाठी राखलेली आहे, असं मी सांगून बघितलं, पण ऐकतंय कोण?

तेवढ्यात पाहुणे येऊन ओटीवर बसले. पानं घ्यायची का, असं विचारत माझा नवरा अल्पेश आत डोकावला. त्याला बाजूला सारून ठमाबाई बाहेर गेल्या. त्यांचा आवाज मला आत ऐकू आला.

"वाईच थांबा. घरात पोटुशी हाय, ती जेवतेय. तिचं झालं का तुमची पानं घेतो."

मी पहिला घास घेतला. तुकडी फार शिजली होती, पार कोरडी झाली होती. मी आजवर नुसता रसाच चाखत आले होते, तुकडीचं मला काय कळणार? आधी हसू आलं, मग रडू आवरेना. तशीच रडत मी आणखी भात मागितला.