सहाव्या अवसेचे बैल

आता काय सांगू तुमाले, अन् काऊन सांगू? आपलीच फजिती आपल्याच तोंडानं सांगाची का? तुमाले कोणं शिकवून बसवलं, ते मले समजते. बरं, ऐका. मधात हासाचं नाई!

मी लाकडाचे बैल करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकाचे बैल ओढत घरोघर नेतात ना, तेच. होळी झाली की लाकूड वाळवाचं, मिरगाचं पाणी लागलं की छपरीत बसून कोराचं, अन् मंग रंग. पावसाळ्यात रंग वाळते का लवकर? एका शिंगाले चार दिवस!

म्हणून माहा नियम. रंगकाम चालू असलं की छपरीले कडी. माह्याशी कोणी बोलाचं नाई!

शाळा दुसरीतच सुटली, कॅलेंडर कोण वाचते? अमावस्या झाली की भिंतीवर कोळशाची एक रेघ. होळीपासून सहावी अवस म्हणजे पोळा. झालं!

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. पाच रेघा झाल्या. बहिणीची राखी आली नाई. मी फुगलो, विसरली मले! त्यात ऐन निंदणात जावई येऊन टपकले. घरात अनारशाचा वास. मी छपरीतून डोकावलो.

"काऊन आले, जावईबापू?"

"बलावलं म्हणून आलो, मामाजी."

"कोणं बलावलं? तिकडं वावरात गवत माजलं असन, अन् तुमी इथं पुरण खाता?"

जावई भरल्या ताटावरून उठले. "आता पोळ्याले तुमची पोरगी येत नाई, अन् नातूही येत नाई!" म्हणून तरातरा गेले.

घरवालीनं तोंड उघडलं. मी म्हटलं, "चूप! रंग ओला हाय."

पण खरं सांगू? नातवासाठी एक पांढरा बैल खास कोरला होता. त्याच्याकडं पाहवेना.

सहाव्या अवसेच्या आदल्या दिवशी बंडीत साठ बैल भरले. बंडीच्या खऱ्या बैलांचीही शिंगं रंगवली, झुली टाकल्या, अन् गेलो उटनूरच्या बाजारात. एकाही दुकानात घुंगरू नाई, गोंडा नाई! मी खूश. सारे झोपले, धंदा माहा एकट्याचा!

"उद्या पोळा हाय! बैल घ्या, बैल!"

लोक नुसते पाहून राह्यले. दुकानातल्या सेठले म्हटलं, "क्या सेठ, पोला भूल गए?"

"चाचा, तुम्हारे गाँव में पोला अलग होता क्या?"

शेवटी भाजीवाली म्हातारी बोलली. "अरे बावा, यंदा सावन दोन! हा धोंड्याचा महिना हाय. पोळा पुढच्या अवसेले. घरी जावयाले जेवू घातलं का नाई?"

जावयाले! माह्या डोळ्यापुढं ते ताट आलं. तीन सालांतून एकदा येते हा महिना, जावयाले बलावून धोंडे खाऊ घालाचा. अन् मी जेवता माणूस उठवला! धोंड्याचं साल असलं की घरात कोणी ना कोणी सांगेच, मंग मी एक रेघ जास्त ओढो. त्या साली धोंडा नेमका रंगकामात आला, अन् छपरीले कडी होती ना!

बंडी तशीच जावयाच्या गावाकडं हाकली. सजवलेले बैल पाहून वरात आली म्हणून सारं गाव बाहेर! अन् वरातीत कोण? मी एकटा, मांडीवर लाकडाचा बैल.

"चुकलं माहं, जावईबापू."

जावई पोट धरून हासले. नातवानं त्या साली दोन पोळे केले. महिन्यानं बाकीचे बैलही गेले, अन् पहिल्यांदाच कोणाच्या हाताले रंग लागला नाई!

त्याच दिवशी जावयाकडून घरी येऊन घरवालीले म्हटलं होतं, "सांगता नाई आलं तुले?"

"रंग ओला होता ना!"

चूक माही, कबूल. पण बंडीत बैल भराले हिनंच हात लावला. झुलींचे गोंडे हिनंच बांधले, तोंडाले पदर लावून! मले वाटलं, जावई गेले म्हणून रडून राह्यली. जावयाची माफी मी मांगतली. माही माफी अजून येणं हाय. कोणाकडून? हे आता चहा ठेवून, तोंडाले पदर लावून आत गेली ना, तीच. गिरजा!